वीस मिनिटं झाली, कुंदे

बाई,

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर गावातल्या दोघा-तिघांनी मला म्हटलं, "कुंदाबाई, तुम्ही गाता, माइकवर बोलता. मोठ्या बाईंसाठी चार शब्द बोला." मी नाही म्हटलं. मंडपात बसलेल्यांना तुमच्याबद्दल जे ठाऊक होतं ते मला सांगायचं नव्हतं, आणि मला जे सांगायचं होतं ते मंडपात सांगण्याजोगं नव्हतं. आता पाहुणे गेले, मंडपाचे बांबू गेले, घर मोकळं झालं. म्हणून तुम्हालाच सांगते.

एकोडीच्या या घरात मी धाकटी सून होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर एक पेटी आली होती. कपड्यांची नव्हे, वाजवायची. तुम्ही ती उचलून पाहिली आणि विचारलं, "एवढी जड काहून हाय वं?" त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या गाण्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. स्तुती नाही, तक्रार नाही. शेजारणीनं विचारलं तर "करते बिचारी काहीबाही" म्हणायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. आपण दोघी जावा. स्वयंपाक, ढोरं, धान, पोरांच्या शाळा, एवढ्यात आपलं सगळं बोलणं संपायचं.

माझा रियाज तेव्हा कसा होता ते तुम्ही पाहिलंच आहे. आठवडाभर काही नाही. मग एखाद्या रविवारी घरातले सगळे बांधीवर, धानाच्या शेतात, गेले की मी दार लावून बसायची, ती ते परत येईपर्यंत. साकोलीचे माझे गुरुजी त्यांच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगायचे, पहाटे बसायचं ते दुपारी उठायचं. मला वाटायचं, रियाज म्हणजे तेच. मोकळी दुपार मिळेपर्यंत थांबायचं, आणि मिळाली की सगळं एकदम काढायचं. राग, ताना, आलाप, जे आठवेल ते, मोठ्यानं. उठताना घसा जळत असायचा आणि मला समाधान असायचं.

विशारदची परीक्षा आली ती नेमकी धानाच्या चुरणीत. अंगणात थ्रेशर, हवेत भुसा, आणि मी दोन रविवारांत वर्षभराचं गाणं भरून काढत होते. परीक्षेत पूरिया धनाश्री लावला. तार षड्जावर गेले आणि आवाज फाटला. परीक्षकांनी पाणी दिलं. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. ते चांगले होते बिचारे, म्हणाले, "बाई, आज राहू द्या." घरी आले तेव्हा बोलणंही नीट निघत नव्हतं.

महिना झाला तरी आवाज परत येईना, तेव्हा भंडाऱ्याला डॉक्टरकडे जायचं ठरलं. हे धानाच्या खरेदीत अडकले होते. तुम्ही म्हणालात, "मी जातो तिच्यासंगं." आपण बसनं गेलो. डॉक्टरनं नळी घालून घसा पाहिला आणि पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी बारीक गाठी. ऑपरेशन नको म्हणाला. महिनाभर तोंड बंद. मग गायला हरकत नाही, पण थोडं थोडं. वीस मिनिटं गायचं, तेवढाच किंवा जास्त आराम, मग पुन्हा वीस मिनिटं. सलग बसायचं नाही, कधीच नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. आवाज काढायची मनाई होती, म्हणून नुसतंच. तुम्ही पिशवीतून संत्रं काढलं, सोलायला घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "वीस मिनिटं देते म्हणते ना तो. कमी हायेत का? मले त कधी दहा नाई भेटले सलग."

मी रडणं थांबवलं. तुम्ही अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं.

ते वाक्य मी पुष्कळदा आठवते. तुम्ही ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं. हिशेब मांडून दाखवावा तसं म्हटलं होतं. नंतर कधीतरी मला विचारायचं होतं की बाई, तुम्हाला रोजची वीस मिनिटं मिळाली असती तर तुम्ही काय केलं असतं? ते विचारायचं राहिलं. तुम्ही बहुतेक "झोपली असती" म्हणाला असता.

मौनाच्या महिन्यात माझ्या वतीनं तुम्ही बोललात. दूधवाल्याशी, पोरांच्या मास्तरांशी, फोनवर माझ्या आईशीसुद्धा. "कुंदा बोलत नाई. काय सांगाचं ते मले सांगा." महिना संपला त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तुम्ही धानाच्या कोठीतली पोती सरकवून कोपऱ्यात जागा केली, माझी पेटी तिथं नेऊन ठेवली आणि स्वतः दाराबाहेर सूप घेऊन बसलात. समोर ओसरीतलं भिंतीवरचं घड्याळ. माझा मोबाइल तुम्ही काढून घेतला होता. आत मला घड्याळ दिसत नव्हतं, तुम्हाला दिसत होतं.

"काय करणार हाय?" तुम्ही विचारलं.

"रियाज."

"हाव, पण त्यातलं काय?"

"पूरिया धनाश्री."

"तो केवढा असते?"

मला हसू आलं. म्हटलं, "खूप मोठा असतो, बाई."

"मंग वीस मिनिटांत कसा होईल? त्यातलं एक सांग."

मी विचारात पडले. गुरुजींनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "ग म रे ग. एवढंच. त्यातला रे नीट लागत नाही."

"कर," तुम्ही म्हणालात आणि तांदूळ पाखडायला घेतले.

त्या दिवशी मी चार स्वर गायले. तेच, पुन्हा पुन्हा, हळू. कंटाळा आला, मग कंटाळा गेला, मग रे थोडासा जागेवर बसल्यासारखा वाटला, आणि तेवढ्यात तुमचा आवाज, "वीस मिनिटं झाली, कुंदे. उठ."

"थोडंसंच अजून, बाई."

"नाई. डॉक्टरनं काय सांगतलं?"

उठले. तुम्ही कोमट पाणी दिलं. मधल्या वेळात बोलू द्यायच्या नाहीत, मोबाइलही द्यायच्या नाहीत. तांदळातले खडे काढायला लावायच्या. मी खडे काढायची आणि ते चार स्वर डोक्यात आपोआप फिरत राहायचे. पुन्हा बसले की मघा जे अडत होतं ते थोडं सैल झालेलं असायचं. सकाळी एक बैठक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. कधी दुपारची बुडायची. रोवणीच्या दिवसांत सकाळची बुडायची, पण संध्याकाळची तुम्ही बुडू दिली नाहीत. बांधीतून पाय धुवून यायच्या, पाठ मोडलेली असायची, तरी सूप घेऊन दारात. तुम्ही दारात बसल्या की आत कोणी यायची हिंमत करत नसे. चहा मागायचा असला तरी माणसं थांबायची.

मी एकदा मोबाइलवर वाचून तुम्हाला सांगितलं की बाई, जगात लोक असंच करतात. घड्याळ लावून थोडा वेळ काम, मग सुट्टी, मग पुन्हा काम. अभ्यासाला करतात, वाजवणारेही करतात. तुम्ही म्हणालात, "मंग त्यायले बी गाठी झाल्या असतील."

सगळं काही गोडीनं झालं नाही. ते एक भांडण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि तुम्ही नाहीत म्हणून मी माघार घेणार नाही. श्रावणातली संध्याकाळ होती. मी एका तानेवर बसले होते. कितीतरी दिवस ती तान मध्येच सुटत होती, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा सबंध निघाली. मी दुसऱ्यांदा घेणार तोच तुम्ही हाक मारली. मी ऐकलं नाही. तुम्ही आत आलात आणि पेटीचा भाता दाबून धरलात.

"बाई, सोडा! आत्ता येऊन राहिली होती!"

"उद्या येईल."

"नाही येणार उद्या!" मी ओसरीत जाऊन घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झालीच नव्हती. "वेळ झाला नाही. तुम्ही आधीच उठवलं मला."

तुम्ही म्हणालात, "गळा चरचर करून राहिला होता तुझा. मले ऐकू येते."

"तुम्हाला काय कळते गाण्यातलं?"

"गाण्यातलं नाई कळत. चरचर कळते."

दोन दिवस आपण बोललो नाही. तान दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यातही आली नाही. आली ती पोळा होऊन गेल्यावर. तुमचं म्हणणं, आवाज वाचला. माझं म्हणणं, त्या दिवशी पाच मिनिटं दिली असती तर तान तेव्हाच बसली असती आणि आवाजालाही काही झालं नसतं. यावर आपण नंतरही बोललो, हसत, पण कोणी हटलं नाही. मला अजून वाटतं, त्या दिवशी तुमचं चुकलं.

परीक्षा झाली. तार षड्ज लागला, टिकला. निकाल मोबाइलवर आला तेव्हा तुम्ही गोठ्यात होता. मी पळत येऊन सांगितलं, "बाई, पास झाली मी! विशारद!" तुम्ही हातातली वैरण खाली ठेवली. "मंग आता बंद?"

"नाही. बंद कायले?"

"मंग उद्या काय करणार हाय?"

एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी बोलाल, निदान गोड करा म्हणाल. संध्याकाळी पाहिलं तर चुलीवर शेवयांची खीर होती.

मग तो दिवस आला. तुम्ही बांधीत निंदण करत होता आणि बसल्या जागी कलंडलात. तुमची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नागपूरच्या दवाखान्यात दिवस काढून घरी आणलं तेव्हा पायात थोडी ताकद आली होती, पण तोंडातून एकच शब्द निघायचा. "हाव." पाणी हवं तरी हाव, नको तरी हाव. आम्हाला कळेना, आणि आम्हाला कळत नाही हे तुम्हाला कळायचं. एकदा तुम्ही पेला भिंतीवर फेकला. मी पेला उचलला. तुम्ही रडत होता, आणि तुम्हाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं मला सांगितलं होतं, थोडा वेळ करून घ्या, थकू देऊ नका, दिवसातून बरेचदा करा. आणि विचारलं होतं, "या गात होत्या का? बोलणं गेलेल्या काही लोकांना गाण्यातले शब्द काढता येतात." मी म्हटलं, नाही, या कधीच गायल्या नाहीत.

घरी आल्यावर लक्षात आलं, तुम्ही गायला होता. रोवणीत. बायकांची ओळ वाकून परे, धानाची रोपं, लावत पुढे सरकायची आणि गाणं चालू असायचं, त्यात तुमचा आवाज असायचा. मी एकदा म्हटलं होतं, बाई, तुमचा आवाज चांगला आहे. तुम्ही म्हणालात, "ते गाणं नोहे, काम होय."

मी तुमच्या खाटेशी बसून ते रोवणीचं गाणं गुणगुणलं. पहिल्या ओळीला तुम्ही नुसतं पाहत होता. दुसऱ्या ओळीला ओठ हलले. ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही माझ्याबरोबर म्हटलात. "माहेरा." स्पष्ट. करडीच्या तुमच्या माहेरी आता कोणी राहिलं नाही, पण शब्द तो निघाला.

मग मी रोजच्या वाक्यांना सूर लावले. "पाणी दे." "कुंदे, ये." "नको मले." सोपे, दोन-तीन स्वरांचे, तुमच्या खालच्या पट्टीत. एका बैठकीत एकच वाक्य. तुम्ही डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायच्या. दहा मिनिटांत थकायच्या, घाम यायचा, शब्द एकमेकांत अडकायचे. मी म्हणायची, "झालं, बाई. आता आराम." तुम्ही माझं मनगट घट्ट पकडायच्या आणि डोळे वटारायच्या. शब्द असते तर काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं. मी ऐकलं नाही. तुम्हाला थांबवताना मला जड जायचं, तरी थांबवलं.

"पाणी दे" यायला महिना लागला. "नको मले" त्याहून लवकर आलं आणि तुम्ही ते सगळ्यांवर वापरलं.

पण एक वाक्य तुम्हाला हवं होतं आणि ते कोणतं हे मला कळत नव्हतं. तुम्ही ओसरीकडे बोट दाखवायच्या, मग तोंडाकडे. मी विचारायची, "भूक लागली?" तुम्ही मान हलवायच्या, नाही. "ओसरीत बसायचं?" नाही. किती दिवस हेच. एका दुपारी तुम्ही बोट दाखवलं तेव्हा ओसरीतून भासरे जात होते.

तुमचे मालक, माझे भासरे. मी डोक्यावरचा पदर पडू न देता त्यांच्यासमोरून जायची, आणि ते माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत. काही हवं असलं तर पोरांना सांगायचे, नाहीतर भिंतीला ऐकू जाईल असं म्हणायचे. तुम्ही आजारी पडल्यापासून त्यांच्या जेवणाचा काही धरबंद राहिला नव्हता. मी ताट वाढून ठेवायची. ते थंड व्हायचं. कधी गोठ्यात उभ्यानंच दोन घास खायचे, कधी ताट तसंच परत यायचं. मी सांगू शकत नव्हते, तुम्ही सांगू शकत नव्हता. खाटेवरून तुम्ही ते सगळं पाहत होता.

"जेवून घ्या म्हणायचं का तुम्हाला?" मी विचारलं.

तुम्ही डोळे मिटले आणि "हाव" म्हणालात. तेवढ्या दिवसांतला तो पहिला खरा हाव.

आपण ते वाक्य लावलं. "जेवून घ्या जी." पाच स्वर, शेवटी थोडा खाली उतरणारा. "ज" अजिबात निघत नव्हता. आधी "वून" आलं, मग "घ्या". एका बैठकीत फक्त "जे". मी म्हणायची जे, तुम्ही म्हणायच्या दे. मी जे, तुम्ही दे. आपल्याला हसू आवरेना. वाकड्या तोंडानं तुम्ही हसत होता, आणि मला वाटतं आजारानंतरची ती आपली सगळ्यात चांगली दुपार होती.

धान कापणीला आलं होतं तेव्हा एका दुपारी भासरे बाहेर निघाले होते. दाराच्या कडीला हात होता. खाटेवरून तुम्ही म्हणालात, सुरात, एकेक अक्षर तोलून, "जेवून घ्या जी."

त्यांनी कडी सोडली. वळून पाहिलं नाही. नहाणीत जाऊन हात धुतले, येऊन तुमच्या खाटेपुढं पाटावर बसले. मी ताट ठेवलं. ते सगळं जेवले, तुम्ही पाहत राहिलात. त्यानंतर रोज तसंच. सूर हळूहळू सपाट होत गेला, बोलण्याजवळ आला, पण पुरता सुटला नाही. मला तो सोडवायचाही नव्हता.

दुसरा झटका सकाळी आला. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होता. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. तो तसं सगळ्यांनाच सांगत असेल, तरी मी मानून घेतलं.

आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, काय बिघडलं हिचं. गुरुजींनी मला राग शिकवले. पण कोणत्या क्षणी काय करायचं आणि कुठं थांबायचं, हे मी तुमच्याकडे शिकले. हे तुम्हाला सांगायचं होतं, सांगितलं नाही, आता सांगून ठेवते. उद्या कोणी मला विचारलं तर तुमचं नाव घेईन. गावातल्या दोन मुली माझ्याकडे शिकायला यायचं म्हणताहेत.

आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. गेल्या आठवड्यात दुपारी मी भासऱ्यांचं ताट ठेवलं. ते पाटावर बसले, पण हात लावेनात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पदर घेऊन. बराच वेळ गेला. वरणावर साय धरली. मला वाटलं, ताट उचलून न्यावं.

त्यांनी घसा खाकरला.

"कुंदा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी "जी" म्हटलं, ते निघालं की नाही कोण जाणे.

"ते... ती म्हणे ते. कसं म्हणे?"

मी पेटी घेतली नाही. दाराच्या चौकटीला धरून, तुमच्या पट्टीत, खाली, म्हटलं. "जेवून घ्या जी."

ते ताटाकडेच पाहत होते. मग त्यांनी भातात वरण कालवलं आणि जेवायला लागले. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, भिंतीला नाही, मला, "भात हाय का अजून?"

मी वाढला, बाई.